कलाकार वस्तीत येऊन राहिल्याने तिथली घरं आणि सामायिक जागा खरंच बदलतात का?

बदलतात, पण भिंत रंगवून निघून गेलं तर नाही. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात, थर्ड वॉर्ड या वस्तीतला 'प्रोजेक्ट रो हाउसेस' हा कलाप्रकल्प बघा. १९९३ साली रिक लो आणि आणखी सहा कृष्णवर्णीय कलाकारांनी तिथली २२ पडीक घरं वाचवली. अरुंद घरं, एकामागे एक खोल्या, रस्त्याकडे तोंड केलेली पडवी. काही घरांत कलाकार अख्खं घरच कलाकृती करतात. शेजारी शिक्षण पुरं करणाऱ्या एकल माता मुलांसह राहतात. मला तर हे शेजारपणच सगळ्यात मोलाचं वाटतं! तुमच्याकडे करायचं असेल तर कलाकारांचा मुक्काम काही महिन्यांचा ठेवा, रहिवाशांना पहिल्या बैठकीपासून बोलवा आणि कलाकार गेल्यावर देखभाल कोण करणार, हे आधीच ठरवा.