लाडके गुरुजी माजी सैनिक होते, शोकसभेत त्यांच्याबद्दल काय बोलावं?

तुम्ही लिहिलंय की तुमचे शाळेतले गुरुजी वारले, ते १९७१च्या लढाईत होते, आणि शोकसभेत बोलायला उभं राहायचंय, पण कागदावर 'शूर', 'त्यागी', 'शिस्तप्रिय' याच्यापुढे काही उतरत नाही. आमच्या गावात हा प्रसंग येऊन गेलाय, म्हणून लिहितो. गाव दारव्हा तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ.

आधी एक काम करा. त्यांच्या घरी जा आणि डिस्चार्ज बुक अन् पदकं बघायला मागा. आमच्या गुरुजींच्या शोकसभेत एका पुढाऱ्यानं त्यांना थेट ढाक्याला नेऊन पोचवलं. १६ डिसेंबर, पाकिस्तानची शरणागती, ९३ हजार युद्धकैदी, सगळं माइक फाटेस्तोवर झालं. समोरच गुरुजींच्या घरच्या काकू बसल्या होत्या. टाळ्या थांबल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "ते पंजाबाकडं होते जी." घरच्या पेटीत पश्चिमी स्टार होता. तो पश्चिम आघाडीवरच्या फौजेला मिळाला, पूर्वेकडच्यांना पूर्वी स्टार. पेटी उघडली असती तर कळलं असतं, पण पुढाऱ्यांना पेटी उघडायला वेळ कुठला!

आमचे गुरुजी बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीतले. चीनच्या लढाईनंतर भरती झाले, ट्रेनिंग खडकीला. पूल बांधायचे, रस्ते करायचे, सुरुंग पेरायचे आणि दुसऱ्यानं पेरलेले काढायचे, हे सॅपरचं काम. सुट्टीवर येताना मोठ्या लाइनवर मूर्तिजापूरला उतरायचं आणि तिथून शकुंतला नावाच्या नॅरोगेज गाडीत बसून दारव्ह्याला. शकुंतला १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. मेजर ट्रंक डोक्यावर घेऊन पायी निघाले असते तर गाडीच्या आधी पोचले असते, असं म्हातारे हसून सांगत. आमच्याकडे फौजेतून आलेला कोणीही 'मेजर'च, हुद्दा काही का असेना. पंधरा वर्षं भरून पेन्शनवर आले, डी.एड. केलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. पेन्शन अधिक पगार, त्यामुळे काही लोकांच्या पोटात दुखायचं. शाळेतल्या निम्म्या पोरांच्या पाट्या-लेखण्या त्याच पेन्शनीतून यायच्या, ते मात्र कोणी बोलत नसे.

हातात छडी नसायची. मारकुटे मास्तर आम्हीही पाहिलेत, पण त्यातला एकही फौजेत गेलेला नव्हता.

"गुरुजी, लढाईची गोष्ट सांगा" म्हणून आम्ही मागं लागायचो. स्वतःची त्यांनी कधीच सांगितली नाही. सांगायचे रामा राघोबा राण्यांची, तेही बॉम्बे सॅपर्सचेच. एप्रिल १९४८, नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता, त्यात सुरुंग, वरून गोळीबार. राणे रणगाड्याच्या खाली शिरून त्याच्याबरोबर सरपटत राहिले आणि दोरीनं चालकाला खुणा करत गेले. परमवीर चक्र मिळालं आणि ते घ्यायला माणूस जिवंत होता, हे गुरुजी दर वेळी न चुकता सांगत. त्यांना पदकापेक्षा त्या दोरीचंच कौतुक जास्त.

दोरीवरून नाल्याचं आठवलं. शाळा आणि कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे त्यांची वस्ती, यांच्यामध्ये नाला होता. पाऊस झाला की पोडावरची पोरं एक तर शाळेत यायची नाहीत, नाहीतर आलेली अडकायची. गुरुजींनी सागाचा एक खांब नाल्याच्या पात्रात गाडला आणि त्यावर लाल पट्टा मारला. पाणी पट्ट्याला लागलं की पलीकडच्यांनी यायचं नाही, अलीकडच्यांनी जायचं नाही, मग आमदार का सांगेना. पाणी पट्ट्याखाली असलं तरी दोन्ही काठांच्या झाडांना दोर ताणलेला, आणि शेवटचं पोरगं पार होईपर्यंत गुरुजी कमरेएवढ्या पाण्यात उभे. तो दोर आम्ही चौथीची पोरं बांधायचो. गाठ ते स्वतः ओढून बघत. निरगाठीच्या जागी सुरगाठ सापडली की काही न बोलता सोडून हातात देत, पुन्हा बांध.

त्यांचा आवाज चढलेला मी एकदाच ऐकला. परिसर अभ्यासाच्या तासाला आम्हाला शिवारात नेलं होतं. एका पोरानं धुऱ्यावरून सुतळीत गुंडाळलेला गोळा उचलला. रानडुकरांसाठी ठेवलेला गावठी बॉम्ब होता तो. डुकरानं चावला की फुटतो. गुरुजी ओरडले, "हलू नको!" पुढं एकदम हळू आवाजात, "काही होत नाही बापू. माह्याकडं पाह्य." त्याच्यापर्यंत एकेक पाऊल बघून टाकत गेले, दोन्ही हातांनी गोळा घेतला आणि नांगरलेल्या मऊ मातीत ठेवला. आम्हाला आल्या पावलांवर पाय देत रांगेत परत धाडलं आणि पोलीस पाटील येईस्तोवर स्वतः तिथंच उभे राहिले. गोळा कोणी ठेवला हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. डुकरं तूर, ज्वारी सगळं उपटून टाकायची, तो माणूस काही वाईट नव्हता. गुरुजी रात्री त्याच्या घरी गेले. काय बोलले ते त्या दोघांनाच माहीत, पण पुन्हा आमच्या शिवारात तसला गोळा दिसला नाही.

तुमचं भाषण मात्र यावर उभं करू नका, ऐकणारे पुन्हा 'शूर'वरच जातील. मी बोललो ते कापसाच्या वेचणीबद्दल. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची कापसाची पूजा, झाली की वर्ग निम्मा रिकामा व्हायचा, पोरं आयांबरोबर वेचायला. गुरुजी दुपारच्या सुट्टीत हजेरीबुक बगलेत मारून वावरात यायचे. एकदा माझ्या मायनं विचारलं, "शाळेनं पोट भरते काय जी?" ते म्हणाले, "नाही भरत बाई. सकाळी वेचू द्या त्याले. अकराले माह्याकडं धाडा." मायनं धाडलं. माझ्यासारखे त्या वर्गात बरेच होते. सभेत मी एवढंच सांगितलं आणि त्यांतल्या आलेल्यांना उभं राहायला सांगितलं. एक एसटीत कंडक्टर, एक नर्स, दोघं शेतकरी, पोडावरची एक अंगणवाडी सेविका, मागं आणखी बरेच.

तेव्हा तुम्हीही त्यांच्या शाळेतल्या पहिल्या वर्गांतल्या चार-पाच जणांना आजच फोन लावा. न पाहिलेल्या लढाईवर बोलू नका, गुरुजींनी तुमच्यासमोर काय केलं ते नाव-गाव-महिन्यासकट सांगा. लिहिलेलं काकूंना आधी वाचून दाखवा, चुका त्याच काढतील. आणि सभा तेरवीलाच असेल तर पंगती बसायच्या आधी बोलून घ्या. एकदा पत्रावळी मांडल्या की माइकवर कोणीही असो, कोणी ऐकत नाही.