समोरच्या लॉन्सवर रात्री साडेअकरापर्यंत डीजे वाजतो. नियम नक्की काय सांगतो?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात नवीन भाड्याचं घर घेतलंत, समोर लग्नाचं लॉन्स निघालं, आणि विचारायला गेलात तर मॅनेजर म्हणाला, "परमिशन आहे, आवाजही लिमिटमध्येच आहे." मी अशाच एका लॉन्सच्या पाठीमागे नऊ वर्षं राहतोय. हळदीला कुठलं गाणं कितव्या नंबरला लागतं, तेही आता पाठ झालंय.

आधी सांगतो, त्या "लिमिट" शब्दात अडकू नका. मी दोन सीझन अडकलो होतो. मोबाइलवर डेसिबल मोजायचं अ‍ॅप घेतलं, बाल्कनीत उभं राहून स्क्रीनशॉट काढले आणि ते घेऊन चौकीत गेलो. हवालदाराने शांतपणे पाहिले आणि म्हणाला, "साहेब, हा मोबाइल आहे, मशीन नाही." त्याचं चुकलं नव्हतं. चुकलं माझं, कारण रात्री दहानंतर आकड्याचा प्रश्नच उरत नाही.

आपल्याकडे लागू आहेत ते ध्वनिप्रदूषण नियम, २०००. पुण्याचे वेगळे नाहीत, देशभर हेच. त्यात रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळात लाउडस्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर, कुठलंही वाद्य, काहीच उघड्यावर वाजवता येत नाही. "स्पीकर बंद केलेत, आता फक्त ढोल आहे" हे उत्तर मला दोनदा मिळालंय. वाद्यंही त्याच ओळीत आहेत. सूट आहे ती बंद जागेला: सभागृह, बँक्वेट हॉल वगैरे, तेही आतल्यांना ऐकू जाण्यापुरतं. लॉन्सवर कापडाचा मांडव घातला म्हणून ते सभागृह होत नाही. मॅनेजर परवानगी म्हणतो तेव्हा कागद मागा आणि त्यावरची वेळ वाचा. स्पीकरला लेखी परवानगी दिवसासुद्धा लागते, म्हणजे त्याच्याकडे कागद असेलही. पण तो त्याला दहाच्या पुढे नेत नाही.

मग गणपतीत बारापर्यंत कसं चालतं? राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी, १० ते १२ अशी सवलत देता येते. ते दिवस आधी जाहीर करावे लागतात. कुणाच्या मुलाची हळद त्यात बसत नाही, मुलगा नगरसेवकाचा असला तरी.

आता दहाच्या आतलं. "दहापर्यंत काहीही चालतं" असं सगळेच समजतात, पण दिवसालाही मर्यादा आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. हे आकडे काही काळाच्या सरासरीचे आहेत, एका कर्ण्याच्या किंचाळीचे नाहीत. खासगी जागेतल्या साउंड सिस्टीमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा फार तर ५ डेसिबलने जास्त चालतो. म्हणजे निवासी भागातल्या लॉन्सच्या कुंपणाशी दिवसा ६०. डीजेच्या भिंतीपुढे हा आकडा ऐकून हसू येईल, येऊ द्या.

यात एक गोम आहे, ती मला फार उशिरा कळली. आमच्याकडे बेस सुरू झाला की मांडणीतली स्टीलची ताटं एकमेकांना लागून झिणझिणतात, खिडकीची काच थरथरते. तरीही मीटरवर आकडा म्हणावा तसा चढत नाही. कारण नियमातलं मोजमाप माणसाच्या कानाच्या धर्तीवर, "ए" पट्टीने होतं, आणि ती पट्टी खर्जातला आवाज फार कमी धरते. ५० हर्ट्‌झच्या धडधडीतून सरळ ३० डेसिबल वजा. तेव्हा मशीन आलं आणि आकडा कमी निघाला तर तुम्ही खोटे ठरला असं समजू नका. आणि म्हणूनच दहानंतरची तक्रार डेसिबलवर नेऊच नका.

फोन ११२ ला करा. "फार त्रास होतोय, आई आजारी आहे" असं मीही सुरुवात करायचो, तिथेच वेळ जातो. त्याऐवजी: अमुक लॉन्स, उघड्यावर स्पीकर, आत्ता दहा वाजून वीस मिनिटं. आधी बाल्कनीतून एक व्हिडिओ घ्या, त्यात घड्याळ आणि स्टेज दोन्ही दिसू देत. नाव सांगायची भीती वाटत असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलंय की अशा तक्रारीत तक्रारदाराची ओळख मागू नका, आणि उघडही करू नका. गाडी आली, आवाज बंद झाला, गाडी गेली की पुन्हा सुरू, हे होणारच. पुन्हा फोन करा. दर वेळी नोंद होते, आणि चार नोंदी झाल्यावर लेखी अर्जात त्या तारखा घालता येतात. आमच्याकडे त्या अर्जानेच काम झालं, आधीच्या फोनांनी नाही.

निवासी भागात रात्री हॉर्न, आवाजाचे फटाके आणि बांधकामाची मशिनरी हेही याच नियमांत येतं. वरच्या मजल्यावरची पोरं धावतात, शेजारी पहाटे मिक्सर लावतो, त्याला मात्र हे नियम फारसे कामाचे नाहीत. तिथे सोसायटीच्या मीटिंगमध्येच भांडावं लागतं.

आमच्या लॉन्सवर हल्ली दहाला पाच कमी असताना निवेदक "शेवटचं गाणं" म्हणतो. ते शेवटचं गाणं बहुतेक वेळा दोनदा वाजतं. पण सव्वादहाला ताटं गप्प असतात.