मोजकेच संवेदक का?

प्रश्न : विखुरलेल्या रडार जाळ्यात लक्ष्याचे स्थान ठरवण्यासाठी मोजकेच संवेदक (म्हणजे जाळ्यातली रडार) कसे निवडतात?

उत्तर : प्रत्येक संवेदकामागे ऊर्जा आणि संदेशवहन खर्ची पडते, म्हणून निवड करावीच लागते, परंतु 20 पैकी 5 निवडण्याचे 15,504 पर्याय होतात. त्याऐवजी दर वेळी अचूकतेत सर्वाधिक भर घालणारा एकेक संवेदक घेत गेल्यास 90 तपासण्या (20+19+18+17+16) पुरतात आणि निवड सहसा सर्वोत्तमाच्या जवळ जाते. केवळ जवळचे संवेदक घेणे मात्र मला चुकीचे वाटते. लक्ष्याच्या एकाच बाजूला असलेली दोन रडार अंतर उत्तम मोजतात, तरी रडार ते लक्ष्य या रेषेच्या आडव्या दिशेतील अनिश्चितता कायम राहते. ती त्या रेषेशी काटकोनातले तिसरे रडार, थोडे दूर असूनही, झपाट्याने घटवते. लक्ष्य सरकले की निवड पुन्हा करावी लागते.