दार लावून बसलं की घरचे काळजीत पडतात

"मॅडम, सगळे इतके चांगले वागतात तरी मला रोज रडू येतं, मी परत येऊ का?" परदेशात एखाद्या कुटुंबात राहायला गेलेल्या मुलामुलींकडून हे मी बऱ्याचदा ऐकलंय. ही मुलगी (तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलं नाहीये) आफ्रिकेतल्या मलावी देशात, देड्झा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळेत शिकवायला गेलेली. रेंजसाठी टेकाडावर चढून व्हॉट्सअ‍ॅप कॉल करायची.

झालं असं की ही शाकाहारी, आणि पोचली त्याच दिवशी घरच्यांनी हिच्यासाठी कोंबडी कापली, हिने ताट बाजूला सारलं. महिना फेब्रुवारी. तिकडे मका एप्रिल-मेमध्ये हाती येतो, त्याआधीचे हे महिने म्हणजे घरातलं धान्य तळाला गेलेलं, अशात कोंबडी कापणं म्हणजे काय हे तिला नंतर कळलं आणि मग लाजेनं ती शाळेतून आली की खोलीतच बसायला लागली. बसली की दाराशी "ओडी, ओडी", म्हणजे आत येऊ का. तिला वाटायचं हे लोक पाळत ठेवतायत.

मी एवढंच विचारलं, तुझ्या आजीकडे पाहुणी आली आणि दिवसभर दार लावून बसली तर आजी काय करेल? बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, दहादा विचारेल बरं नाहीये का म्हणून.

मग ठरवलं की ताटावर बसून नको म्हणायचं नाही, आधीच चुलीपाशी जाऊन अमायींना (तिकडे आईला, मोठ्या बाईला असंच म्हणतात) काय खाते ते सांगायचं. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हाताने खायचा, आणि सोबत भोपळ्याच्या पानांची भाजी, दाणे असतील तर त्यात कूट. आपल्या माणसाला यात परकं काय आहे सांगा! आणि संध्याकाळी अर्धा तास अंगणात बसून त्या पानांच्या शिरा सोलायच्या, भाषा येवो न येवो. याला ते कुचेझा म्हणतात, नुसतं गप्पा मारत बसणं. मग झोपते सांगून खुशाल दार लावायचं.

एक मात्र मी सगळ्यांनाच बजावते, दाराला कडी नाही, कोणी नको तिथे हात लावला, तर ते "ॲडजस्ट" करायचं नसतं, त्याच दिवशी आपल्याला पाठवणाऱ्या संस्थेला कळवायचं आणि घर बदलून मागायचं. हिच्याकडे तसं काही नव्हतं, हे मी आधी नीट विचारून घेतलं होतं.

तीन आठवड्यांनी फोन आला. रविवारी अजून रडू येतं म्हणाली, पण "ओडी" बंद झालंय, आणि पानं सोलायला उशीर झाला की अमायीच हाक मारतात.