पगाराची तारीख विचार

प्रिय मुली,

तुझे पत्र येऊन आठवडा झाला. सोबत पाठवलेला प्रकल्पाचा आराखडाही मी शेवटच्या पानापर्यंत वाचला. काँगोसारख्या देशात, जिथे सरकार नावापुरतेच उरले आहे, तिथल्या राष्ट्रीय उद्यानासाठी उमेदीची वर्षे द्यावीत का, असा प्रश्न तुला पडला आहे. मला मात्र आराखडा वाचून दुसराच प्रश्न पडला. त्यात ड्रोन आहेत, कॅमेरा ट्रॅप आहेत, उपग्रहावरून केलेले नकाशे आहेत, गावोगावच्या कार्यशाळा आहेत. पण रोज गस्तीवर जाणाऱ्या रक्षकाला पगार कोण देणार आणि महिन्याच्या कोणत्या तारखेला देणार, याविषयी एक ओळही नाही.

काँगोतल्या विरुंगा राष्ट्रीय उद्यानात मी हिशेब आणि पुरवठा सांभाळत असे, हे तुला ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र मी तुला कधी सांगितलेली नाही. गोमा शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा एक नाका होता. उद्यानातली झाडे तोडून पाडलेला कोळसा, ज्याला तिथे ‘मकाला’ म्हणतात, पोत्यांतून त्याच रस्त्याने शहरातल्या चुलींपर्यंत जाई. एका सकाळी नाक्यावरच्या रक्षकाने पैसे घेऊन पोती सोडलेली मी स्वतः पाहिली आणि त्याच दिवशी त्याच्याविरुद्ध अहवाल लिहिला. त्याची नोकरी गेली. सामान परत करायला तो कार्यालयात आला, तेव्हा त्याच्या गमबुटाची फाटलेली टाच नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेली मला दिसली. आमच्या संस्थेकडून रक्षकांना मिळायचा भत्ता तेव्हा पाच महिने थकला होता. पैसे आलेले होते. दोन पावत्या कमी होत्या म्हणून ती फाइल मीच माझ्या टेबलावर अडवून ठेवली होती. मी तिकडे पाहिले नाही, त्याच्याकडून सही घेतली आणि त्याला जाऊ दिले.

म्हणून सांगतो, आधी पगार. बाकी सगळे नंतर.

तू लिहितेस की आधी राज्यव्यवस्था सुधारली पाहिजे, त्याशिवाय संरक्षण टिकणार नाही. हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकले आहे की आता मला ते ऐकवत नाही. विरुंगा 1925 साली स्थापन झाले. 1994 मध्ये रवांडातून आलेले लाखो निर्वासित त्याच्या कडेला राहिले आणि सरपणासाठी जंगल तुटले. त्याच वर्षी ते धोक्यात असलेल्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यानंतर दोन युद्धे झाली. जुलै 2007 मध्ये गोरिल्ल्यांच्या रुगेंडो कुटुंबाचा म्होरक्या सेन्क्वेक्वे आणि त्याच्यासोबतच्या माद्या गोळ्या घालून मारल्या गेल्या. मांस किंवा हात, काहीही कापून नेलेले नव्हते, आणि संशय कोळशाच्या धंद्याकडे गेला. इतके होऊनही विरुंगाच्या ज्वालामुखी डोंगरांतले गोरिल्ले 1981 च्या गणनेतल्या अडीचशेच्या आसपासून 2015-16 च्या गणनेत 604 वर गेले. आता त्याच उद्यानातल्या एडवर्ड सरोवराकडे बघ. सत्तरच्या दशकात तिथल्या परिसरात पंचवीस हजारांहून अधिक पाणघोडे होते; या शतकाच्या पहिल्या दशकात ते हजाराच्याही खाली आले. देश तोच आणि सरकारही तेच. गोरिल्ल्यांचे डोंगर तीन देशांत विभागलेले आहेत, तिथे पर्यटकांचा पैसा येतो, पशुवैद्य येतात, हे मी नाकारत नाही. पण ते सगळे टिकले कारण तिथे माणसे रोज पायी गस्त घालत राहिली. सरोवराकाठी बंदूकधाऱ्यांना अडवायला पुरेशी माणसेच उरली नाहीत.

आजवर तिथले दोनशेहून अधिक रक्षक मारले गेले आहेत. 24 एप्रिल 2020 रोजी उद्यानाचे मुख्यालय असलेल्या रुमांगाबोजवळ एकाच हल्ल्यात बारा रक्षक गेले, त्यांचा चालक गेला, चार नागरिक गेले. मृत्यू इतका जवळ असताना माणूस कामावर येतो, तेव्हा त्याच्या बायकोच्या हातात महिन्याचे पैसे ठरलेल्या दिवशी पडलेच पाहिजेत, आणि तो परत आला नाही तरी पडत राहिले पाहिजेत. या मागणीला कोणी सामान्य व्यवस्थापकीय बाब म्हटले की मला राग येतो. संरक्षण ते हेच आहे, बाई.

त्या रक्षकाला काढल्यानंतर मी हट्टी झालो. भत्ते चुकते झाल्याशिवाय उपकरणांच्या एकाही बिलावर सही करणार नाही, असे मी लेखी कळवले. दोन वर्षे भांडलो आणि शेवटी माझा करार पुढे वाढवला गेला नाही. मी संशोधनाच्या विरोधात आहे, असे मागे बोलले गेले. तसे नव्हते. वेळेवर मोजणी व्हावी, हे मलाही हवे होते. पण मोजायला जंगलात जाणारा माणूस उपाशी असेल, तर त्याने आणलेल्या आकड्यांवर मी विश्वास कसा ठेवावा? मी चुकलो, असे मला आजही वाटत नाही. चुकलो तो त्याआधी, टेबलावरच्या त्या फाइलपाशी.

तू जायचे ठरवलेस तर मी अडवणार नाही. तुझी चिकाटी मला माहीत आहे. पण सही करण्याआधी प्रकल्पप्रमुखांना एक पत्र लिही. जानेवारी 2025 मध्ये गोमा एम-23 या बंडखोर गटाच्या ताब्यात गेले आणि तिथल्या बँका बंद पडल्या. अशी वेळ पुन्हा आली तर रक्षकांपर्यंत रोकड कोणत्या मार्गाने पोचेल, महिन्याच्या कोणत्या तारखेला पोचेल आणि एखादी पावती कमी पडली तर रोकड थांबवण्याचा अधिकार कोणाला असेल, हे त्यांच्याकडून लेखी घे. उत्तर आले की ते जसेच्या तसे मला पाठव.

तुझा,
काका