मोळी उचलताना गळतं, म्हणून पिशवी काढायची?

(लातूरच्या आमच्या फिजिओथेरपिस्ट ताई वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. पत्रलेखकांची नावं छापत नाही.)

प्रश्न : ताई, हे पत्र माझी मुलगी लिहिते आहे, ती दहावीला आहे. मी ४१ वर्षांची, केज तालुक्यातली. आम्ही ऊसतोडीला जातो. तीन बाळंतपणं झाली. दोन वर्षांपासून मोळी डोक्यावर घेताना, खोकताना लघवी गळते. कंबर धरते, पोट साफ होत नाही. फडात संडास नाही म्हणून दिवसा पाणी पीत नाही. एका दवाखान्यात म्हणाले, गर्भाची पिशवी खराब झाली, काढून टाका. माझ्या जावेची ३५ व्या वर्षी काढली, तिचं अजून गळतं. काढू का?

उत्तर : बाई, जावेचं सांगितलंत तिथंच अर्धं उत्तर आलं. पिशवी काढल्याने खोकताना होणारी गळती थांबत नाही. लघवी धरून ठेवायचं काम पिशवीकडे नसतंच. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या काहींना खरंच गरज असेल. पण गळतंय, पांढरं जातंय, कंबर दुखतेय एवढ्यावर कुणी काढा म्हणत असेल, तर त्या दवाखान्यातून उठा आणि अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकलमध्ये दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. लघवीची आणि साखरेची तपासणी करून घ्या. अंग बाहेर येतंय का, हे तपासायला सांगा. येत असेल तर त्याचे वेगळे उपाय आहेत, कधी ऑपरेशनही लागतं. लघवीत रक्त दिसलं, ताप आला, किंवा मांड्यांच्या मधली जागा बधिर होऊन लघवीवरचा ताबाच गेला, तर माझ्या व्यायामाची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता गळतं का ते सांगते. सोयाबीनचं पोतं डोळ्यांपुढे आणा. पोत्याचं तोंड घट्ट बांधून वरून गुडघा दाबला, तर आधी उसवते ती तळाची शिवण. तुमच्या पोटाचंही तसंच आहे. वर श्वासाचा पडदा, पुढे पोटाचे स्नायू, मागे कण्याचे, आणि तळाला पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले स्नायू. मोळी उचलताना तुम्ही श्वास कोंडता. तोंड बांधलं गेलं, वरून दाब आला, शिवण उसवली.

म्हणून माझ्याकडे कुणी गळतीची तक्रार घेऊन आलं की मी आधी तिथं बघतच नाही. चप्पल कुठल्या बाजूने झिजलीय ते बघते. श्वास घेताना बरगड्या पसरतात, की नुसते खांदे वर जातात? टाक्याची जागा आखडलीय का, खुब्याचे स्नायू किती जोर देतात, खुर्चीतून उठताना दात आवळले जातात का? कधी सगळा बिघाड जुन्या, कडक झालेल्या टाक्यात सापडतो, कधी वर्षानुवर्षं दाबून ठेवलेल्या खोकल्यात.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. मी फिजिओथेरपिस्ट असूनही दुसऱ्या बाळंतपणानंतर एका लग्नात शिंकले आणि साडी बदलायला घरी आले. तोवर मी प्रत्येक बाईच्या हातात आकुंचनाच्या व्यायामाचा एकच कागद देत होते. त्यानंतर तो कागद फाडला.

आता काम. गोधडीवर उताणं झोपा, गुडघे मोडलेले. एक हात बरगडीवर ठेवा. श्वास आत घेताना पोट, बरगड्या आणि खालचा तळही सैल सोडा. श्वास सोडताना वारा सरायचा थांबवतो तसं मागून पुढे हळूच वर ओढा. पाच-सहा अंक मोजा, मग पूर्ण सोडा. सोडणंही ओढण्याइतकंच महत्त्वाचं. नितंब आवळले किंवा श्वास थांबला, तर चुकलं. असं ८ वेळा, दिवसातून तीनदा, किमान ३ महिने. चालू लघवी मध्येच थांबवून सराव करू नका, त्याने मूत्राशय नीट रिकामं व्हायचं राहतं.

जमू लागलं की खोकल्याच्या, शिंकेच्या आधी क्षणभर ओढून धरा. मग मोळीकडे या. पायांत अंतर ठेवा, मोळी अंगाशी घ्या, तळ वर ओढा आणि उचलताना 'हं' करून श्वास सोडा. आमच्या आजीच्या पिढीला हे शिकवावं लागत नव्हतं. जात्यावर ओवी म्हणत दळताना श्वास कोंडताच येत नाही! उसाच्या फडात तुम्हाला ओव्या म्हणायला सांगत नाही, पण कुणी हसलं तरी 'हं' करायचं टाळू नका.

पाणी बंद करणं हा उपाय नव्हे. घट्ट, पिवळी लघवी मूत्राशयाला डिवचते, घाई वाढते, आणि शौच कडक होतं. रोज कुंथणं म्हणजे तळावर रोज एक मोळीच. एकदम तांब्याभर पिऊ नका, दिवसभर घोट घोट प्या. उकिडवं बसून शौचाला जाता ते चांगलंच आहे, त्याने मार्ग सरळ होतो. फक्त कुंथू नका, फुंकर मारल्यासारखा श्वास सोडा. आणि फडावर बायकांसाठी आडोसा आणि पाणी मागा, मुकादमाला सगळ्या जणींनी मिळून विचारा. एवढं लिहून मी मोकळी होते, मागायचं तुम्हाला आहे, हे मला कळतं. तरी लिहिते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा घागरी वाहून गळती वाढलेल्या बायका मी पाहिल्या. त्यातल्या एकीलाही मी 'वजन उचलू नका' म्हणू शकले नाही.

तुमच्या मुलीने हे सगळं लिहून घेतलं, तिला माझा नमस्कार. व्यायाम तिलाही दाखवा.

प्रश्न : मी २४ वर्षांची, नांदेडची. लग्नाला आठ महिने झाले. संबंधाच्या वेळी असह्य दुखतं. मोबाईलवर पाहून रोज शंभर वेळा खालचे स्नायू आवळायचे व्यायाम केले, दुखणं वाढलं. लघवीलाही सारखं जावं लागतं. सासूबाई 'गोड बातमी कधी' विचारतात.

उत्तर : आधी ते शंभर बंद कर. (तुला अगं-तुगं करते, माझ्या भाचीएवढी आहेस.) तुझी तळाच्या स्नायूंची झोळी सैल नाही, बहुधा ती मुठीसारखी आवळलेली आहे. आवळलेल्या मुठीला आणखी आवळायला सांगितलं तर काय होणार? स्त्रीरोगतज्ज्ञांकडून जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) वगैरे नाही ना, हे तपासून घे. मग ओटीपोटाचं काम करणारी फिजिओथेरपिस्ट शोध. आतली तपासणी लागलीच तर ती तुला विचारूनच होते, आणि तू मध्येच 'थांबा' म्हटलंस की थांबते.

तोवर घरी: जबडा सैल सोड, ओठ मिटलेले पण दात सुटे. एका कुशीवर झोपून श्वास पार ओटीपोटात उतरू दे, पाच मिनिटं. लहान बाळासारखं गुडघे पोटाशी घेऊन पडून राहा. घराबाहेर पडताना 'असू दे' म्हणून उगाच लघवीला जाऊन यायची सवय असेल तर हळूहळू सोड, दिवसात सहा ते आठ वेळा जाणं ठीक. दुखत असताना सहन करून संबंध ठेवू नकोस, शरीर त्या दुखण्याची आठवण ठेवतं आणि पुढच्या वेळी आधीच आवळतं. पुढच्या भेटीला नवऱ्याला सोबत ने, त्यालाही हे ऐकू दे. सासूबाईंना काय सांगायचं ते तो ठरवेल, ते काम तुझं नाही.

प्रश्न : वय ६७, निवृत्त शिक्षक, परभणी. कर्करोगामुळे प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) काढून तीन महिने झाले. खुर्चीतून उठलो की थेंब पडतात. हे सदर बायकांसाठी आहे, तरी विचारतो.

उत्तर : गुरुजी, झोळी पुरुषांनाही असते. त्या ऑपरेशननंतर गळणं नेहमीचं आहे, बहुतेकांचं महिन्यामहिन्याने कमी होतं. तीन महिन्यांत हिंमत सोडू नका. लिंग आत ओढून घेतो तसं करून पाहा, आरशात ते किंचित आत गेलेलं दिसलं तर बरोबर जमलं. उठण्याआधी पाय मागे घ्या, ओढून धरा, श्वास सोडत उठा. चहा दोन कपांवर आणा. लघवीची धार बारीक झाली किंवा अडली तर सर्जनला लगेच दाखवा.