पहिलटकरणीला, डोंबिवली लोकलमधल्या ताईकडून

अगं, चौथा महिना लागला ना? मग आता गर्दीत लोंबकळणं बंद. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला चढता येतं, डॉक्टरांचं पत्र पर्समध्ये ठेव.

लोहाची गोळी रोज घे, पण चहाबरोबर नको. चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घे. कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळी. शौच काळं होतं, घाबरू नकोस. सरकारी कार्यक्रमात ही गोळी बाळंतपणानंतरही 180 दिवस देतात, आणि नेमकं तेव्हाच आपण ती विसरतो.

बाळंतपणात सासूबाई अळिवाचे, डिंकाचे लाडू करतील, खुशाल खा. फक्त ‘पाणी कमी पी’ म्हणाल्या तर ऐकू नकोस; अंगावर पाजणारीला तहान जास्तच लागते. आणि वन रूम किचनमध्ये दारं लावून कोळशाची शेगडी मुळीच नको, तो धूर जिवावर बेततो.

तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, ताप आला, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन कर. रडू येतं, येऊ दे. दोन आठवड्यांनंतरही थांबलं नाही तर डॉक्टरांना सांग, मलाही सांग. मी येईन, बाळाला घेऊन बसेन, तू झोप.